मामांच्या कारखान्याचा मेल सर्व्हर

डिसेंबर २०२४ मधली गोष्ट. एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. तुमच्या पत्त्यावर पाठवलेली ऑर्डर दोनदा परत आली, कारखाना चालू आहे ना? मामांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे नुसतं बघितलं.

सोलापूरला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मामांचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे आणि तिथलं ‘कॉम्प्युटरचं सगळं’ माझ्याकडे असतं. मी इंजिनिअर नाही. बी.कॉम. झालोय, टॅली येतं, प्रिंटरमध्ये कागद अडकला की मलाच हाक येते, आणि लिनक्सची हौस कॉलेजपासूनची. ऑर्डर परत जायचं कारण साधं होतं. वेबसाइटच्या होस्टिंगबरोबर आलेले मेलबॉक्स एकेक जीबीचे, आणि डिस्पॅचच्या अक्का निघणाऱ्या प्रत्येक गाठीचा फोटो मेलने पाठवतात. बॉक्स भरला, मेल परत.

आमचे मेलबॉक्स २३. तयार मेलसेवेचं कोटेशन मागवलं तर एका बॉक्सला महिन्याला १६० रुपये, वर १८ टक्के जीएसटी. वर्षाचे झाले ५२,१०९. मामा म्हणाले, “बावन्न हजार? टपाल पाठवायला?” त्यावर मी बोलून गेलो की ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा मूळ कोड (सोर्स) सगळ्यांना खुला असतो असा मेल सर्व्हर फुकट मिळतो. ते खरंही आहे. पण त्या फुकटाच्या पोटात काय काय असतं हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून हे जरा लांबड लावून लिहितोय.

सर्व्हरला हात लावायच्या आधीच गाडी अडली. ६ जानेवारीला डोमेनची (वेबसाइटच्या आणि मेलच्या पत्त्यातलं आमचं नाव) डीएनएस, म्हणजे त्या नावाची साइट आणि मेल कुठल्या सर्व्हरवर आहेत हे जगाला सांगणारी नोंदवही बघायला गेलो, तर लॉगिनच आमच्याकडे नाही. २०११ साली ज्या मुलाने वेबसाइट करून दिली त्याने डोमेन स्वतःच्या नावावर घेतलं होतं. वाईट हेतूने नव्हे, तेव्हा सगळे तसंच करायचे. तो आता पुण्यात असतो, फोनवर चांगला बोलला, पण नोंदणीतला मेल पत्ता त्याने कित्येक वर्षांत उघडलेला नव्हता आणि पासवर्डही विसरला होता. मग डोमेन विकणाऱ्या कंपनीकडे रीतसर अर्ज. लेटरहेडवर विनंती, सही-शिक्का, जीएसटी सर्टिफिकेट, पॅन, आणि त्या मुलाचं ना-हरकत पत्र ओळखपत्रासह. पाच दिवसांनी अर्ज परत आला, कारण लेटरहेडवर ‘टेक्सटाइल’ आणि सर्टिफिकेटवर ‘टेक्सटाइल्स’. त्या एका ‘स’साठी नवीन लेटरहेड छापायला टाकलं, मध्ये गड्ड्याची यात्रा आली, प्रेसवाला दोन दिवस भेटला नाही. डोमेन कारखान्याच्या नावावर व्हायला २५ जानेवारी उजाडली.

तुमचंही डोमेन असेल तर आज बघून घ्या कोणाच्या नावावर आहे ते. आणि नोंदणीतला संपर्काचा मेल त्याच डोमेनवरचा ठेवू नका. डोमेन बंद पडलं तर ते सोडवायचा ओटीपी त्याच बंद पत्त्यावर जाईल.

अर्ज फिरत होता तोवर माझं रात्रीचं वाचन चालू होतं. आधी वाटायचं मेल सर्व्हर म्हणजे एक सॉफ्टवेअर, टाकलं की झालं. तसं नसतं. मेल आणायचं-पाठवायचं काम एकाचं, बॉक्समध्ये नीट ठेवून फोनला-कॉम्प्युटरला दाखवायचं काम दुसऱ्याचं, स्पॅम गाळायचं तिसऱ्याचं, ब्राउझरमध्ये दिसायचं चौथ्याचं. मी घेतलं ते याच क्रमाने असं: पोस्टफिक्स, डव्हकॉट, आरस्पॅमडी आणि राउंडक्यूब. पोस्टफिक्स वीत्से वेनेमा यांनी आयबीएमच्या संशोधन केंद्रात लिहिलं, १९९८ मध्ये ते खुलं झालं. त्याची रचना कळली तेव्हा मला कारखानाच दिसला. वाइंडिंगवाला मागाला हात लावत नाही, मागवाला शिलाईत जात नाही. तसे पोस्टफिक्सच्या आत छोटे छोटे प्रोग्रॅम आहेत: एक दारावर मेल घेतो, एक साफसूफ करतो, एक रांग सांभाळतो, एक बाहेर पोचवतो. दारावरच्याला कुणी फसवलं तरी तो सगळ्या गोडाऊनच्या चाव्या देऊ शकत नाही, कारण त्याच्याकडे त्या नसतातच.

एकत्र बांधलेली गाठोडीही मिळतात. मेलकाऊ छान दिसतं, पण त्यांचीच शिफारस ६ जीबी रॅमची आणि सगळं डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगवेगळ्या बंद डब्यांत चालवायची सोय). झिम्ब्रा मला ओळखीच्या एकाने सुचवलं होतं. त्याच्या नव्या आवृत्त्यांचा सोर्स खुला आहे, पण तयार बांधलेली मोफत आवृत्ती कंपनी आता देत नाही, स्वतः बांधून घ्यावी लागते. ओपन सोर्समध्ये ही एक गोम असते: सोर्स तुमचा, पण मालक कुठल्या दिशेला वळेल ते तुमच्या हातात नाही. शेवटी डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) वर एकेक भाग हाताने बसवायचं ठरवलं. वेळ जास्त गेला, पण काही तुटलं तर कुठं तुटलं ते आता कळतं.

पहिली चूक मी फेब्रुवारीत केली. ऑफिसमधल्याच जुन्या मशीनवर सर्व्हर उभा केला. स्टॅटिक आयपी (इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता) घेतला, म्हटलं भाड्याचे पैसे वाचतील. आता मेलच्या जगात एक रीत आहे. तुमच्या आयपीवरून उलटं नाव शोधलं तर तुमच्या सर्व्हरचंच नाव निघालं पाहिजे. याला रिव्हर्स डीएनएस म्हणतात, आणि ते तुमच्या डोमेनच्या पॅनेलमध्ये नसतं, आयपी ज्यांचा आहे त्यांनाच लावता येतं. म्हणजे ब्रॉडबँडवाले. पुन्हा लेटरहेड, पुन्हा शिक्का. काउंटरवरच्या साहेबांनी अर्ज दोनदा वाचला आणि प्रामाणिकपणे विचारलं, “हे नेमकं काय असतं ओ?” मी समजावून सांगितलं, त्यांनी वर पाठवतो म्हणून सांगितलं. तीन आठवडे गेले. तोवर मला कळलं होतं की आमचा आयपी स्पॅमहाउस या स्पॅमविरोधी याद्या ठेवणाऱ्या संस्थेच्या पीबीएल नावाच्या यादीत आहे. ज्या आयपींवरून थेट मेल यायलाच नकोत अशांची ती यादी, त्यात घरगुती जोडण्यांचे आयपी ढिगाने असतात. शिवाय लाइट गेली की यूपीएस ४० मिनिटं. २४ फेब्रुवारीला तो नाद सोडला.

मुंबईच्या डेटा सेंटरमधला एक व्हीपीएस, म्हणजे मोठ्या मशीनमधला भाड्याचा वाटा घेतला, ४ जीबी रॅम, महिना १,१५० अधिक जीएसटी. इथं रिव्हर्स डीएनएस दोन मिनिटांत पॅनेलमधून लागलं. मात्र नव्या खात्याला २५ नंबरचं पोर्ट (सर्व्हर एकमेकांना मेल देतात ते दार) बंद, म्हणजे मेल बाहेरच जात नाही. ते उघडायला तिकीट टाकायचं: कोण आहात, कशाला मेल पाठवणार, दिवसाला किती. चार दिवस लागले. पोर्ट उघडल्यावर आयपी याद्यांमध्ये तपासला तर दोन ठिकाणी नाव काळं. आधीच्या भाडेकरूने त्यावरून कधीतरी स्पॅम सोडलं असणार. गाळा भाड्याने घ्यावा आणि पहिल्याच दिवशी आधीच्या माणसाचे सुतवाले घेणेकरी दारात उभे राहावेत, तसं. कंपनीला सांगितल्यावर त्यांनी दुसरा आयपी दिला, तो स्वच्छ निघाला. व्हीपीएस घेतल्या घेतल्या, काहीही बसवायच्या आधी हे तपासा. सगळं बसवून झाल्यावर आयपी बदलणं फार जिवावर येतं.

मग डीएनएसच्या नोंदी. एसपीएफ म्हणजे आमच्या नावाने कोण मेल पाठवू शकतो त्याची जाहीर यादी. डोमेनला ती एकच असावी लागते. मी जुन्या होस्टिंगची तशीच ठेवून दुसरी टाकली आणि दोन्ही बाद झाल्या. हे लवकर कळलं. डीकिमने मात्र दोन रात्री खाल्ल्या.

डीकिममध्ये आपला सर्व्हर प्रत्येक मेलवर सही करतो आणि ती सही ताडायची किल्ली डीएनएसमध्ये जाहीर ठेवलेली असते. २०४८ बिटची किल्ली म्हणजे चारशेच्या आसपास अक्षरं. मी कॉपी करून पॅनेलमध्ये टाकली, सेव्ह झालं म्हणाला. चाचणीचा मेल पाठवला, सही नापास. किल्ली नवीन बनवली, पुन्हा नापास. आरस्पॅमडीची सेटिंग उलटीपालटी केली. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन कागद छापले, एकावर माझी किल्ली, दुसऱ्यावर डीएनएस जे सांगतंय ते. दोन्ही टेबलावर ठेवून डोकं धरून बसलो होतो. अक्का पॅकिंग लिस्ट घेऊन आल्या. त्यांनी सवयीने पट्टी उचलली, दोन्ही कागदांवर आडवी ठेवली आणि एकेक ओळ खाली सरकवत गेल्या, गाठीचे नंबर ताडतात तशा. पाचव्या ओळीला थांबल्या. “दादा, हितं माल कमी हाय की ओ. हा कागद मधीच संपलाय.”

खरंच संपला होता. डीएनएसच्या टीएक्सटी नोंदीत एका तुकड्यात २५५ अक्षरंच बसतात. मोठी किल्ली अवतरण चिन्हांत दोन तुकडे करून द्यायची असते. आमच्या पॅनेलने काही न बोलता २५५ नंतरचं कापून टाकलं होतं. तुकडे करून टाकली, अर्ध्या तासात सही पास. अक्कांना मी त्या दिवशी चहा पाजला, त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही कशाबद्दल.

स्थलांतर १६ मार्चला, रविवारी रात्री. त्याआधी शुक्रवारी एमएक्स नोंदीचा (आमचे मेल कुठल्या सर्व्हरला द्यायचे ते सांगणारी डीएनएसमधली नोंद) टीटीएल, म्हणजे जुनं उत्तर इतरांनी किती वेळ धरून ठेवायचं तो आकडा, १४,४०० सेकंदांवरून ३०० वर आणून ठेवला, म्हणजे बदल केल्यावर जगाला लवकर कळेल. जुने मेल आणायला इमॅपसिंक वापरलं. ३८ जीबी, दोन रात्री, आणि शेवटी फक्त फरकाची एक फेरी. यात काही रडकथा नाही, फार गुणी सॉफ्टवेअर आहे. वेळ गेला तो ३१ फोनमध्ये नवीन सेटिंग भरण्यात. मागांच्या खडखडाटात, मार्चच्या उन्हात, एकेकाचा फोन हातात घेऊन पासवर्ड टाइप करणं. आणि मामांच्या पीसीवर पूर्वी कुणीतरी पॉप (मेल सर्व्हरवरून पीसीवर उतरवून घ्यायची जुनी पद्धत) लावून ठेवलं होतं, त्यामुळे त्यांचे नऊ वर्षांचे मेल सर्व्हरवर नव्हतेच, त्या एका हार्ड डिस्कवर होते. तुमच्याकडे असं कुणी असेल तर आधी त्या डिस्कची कॉपी काढा, मग बाकीचं.

सोमवारी सकाळी मेल येऊ लागले. जाणारे मेलही गेले. फक्त कुणाला दिसेनात.

एका मोठ्या मोफत मेलसेवेत आमचे सगळे मेल जंकमध्ये. दुसरीकडे सर्व्हर दारातच ‘नंतर या’ म्हणायचा. एसपीएफ, डीकिम, डीमार्क (पहिल्या दोन्हींत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद), रिव्हर्स डीएनएस, सगळ्या चाचण्या हिरव्या. हे मला आधी अन्याय वाटलं. मामांना सांगितलं तर त्यांना काहीच नवल वाटलं नाही. “नवीन पेढीला सूत उधार कोण देतं बे? पहिले सहा महिने रोख. मग पत.” मेलच्या आयपीचंही तेच असतं. कागदपत्रं पूर्ण असली म्हणून पत येत नाही, कागदपत्रं नसली तर दारातही घेत नाहीत. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने यातली काही कागदपत्रं सगळ्यांनाच लागू केली आहेत. ढिगाने मेल पाठवणाऱ्यांना (जीमेलच्या हिशेबात दिवसाला ५,००० च्या वर) जास्त कडक, पण आमच्यासारख्या छोट्यालाही पूर्ण सूट नाही.

उपाय कंटाळवाणा होता. रंगपंचमीला कारखाना बंद होता, त्या दिवशी बसून ४० गिऱ्हाइकांची यादी केली आणि पुढच्या आठवड्यात एकेकाला फोन: मेल जंकमध्ये असेल, बाहेर काढा आणि ‘मिळाला’ एवढंच उत्तर द्या. ज्या सेवांचे फॉर्म होते ते भरले. दरपत्रक एकदम सगळ्यांना न पाठवता रोज दहा-दहा. तीन आठवड्यांनी बहुतेक ठिकाणी मेल इनबॉक्समध्ये जाऊ लागले. या तीन आठवड्यांत दोन वेळा मनात आलं की ५२ हजार भरावेत आणि झोपावं.

डीमार्कचे अहवाल याच काळात कामाला आले. रोज एक्सएमएलच्या झिप फाइल येतात, उघडून बघायचा आळस येतो. पण त्यातून कळलं की आमच्या नावाने एक भलताच सर्व्हर रोज सात-आठ मेल पाठवतोय. चोर समजून शोधायला गेलो तर आमचंच जुनं बिलिंग सॉफ्टवेअर निघालं, अजून जुन्या होस्टिंगमधून बिलं पाठवत होतं. म्हणून डीमार्क आधी ‘नन’ (नुसतं कळवा) वर ठेवायचं, महिनाभर बघायचं, मगच ‘क्वारंटाइन’ (जंकमध्ये टाका). पहिल्याच दिवशी कडक केलं असतं तर बिलं आम्हीच अडवली असती.

पोस्टफिक्समध्ये मेलच्या आकाराची मूळ मर्यादा १०,२४०,००० बाइट असते, साधारण १० एमबी. जकार्ड डिझाइनची साडेआठ एमबीची फाइल परत आली तेव्हा मी चक्रावलो. जोडलेली फाइल मेलमध्ये जाताना तिचं रूप बदलतं आणि ती एक तृतीयांशाने फुगते. मर्यादा वाढवली, संपलं. कुठली सेटिंग आपण बदलली हे पोस्टफिक्स एका कमांडने वेगळं काढून दाखवतं, तो कागद मी दर वेळी छापून वहीत चिकटवतो.

आता लाजेची गोष्ट. २९ एप्रिल, अक्षय्य तृतीयेचा आदला दिवस, सकाळी ६:४०. रांगेत ११,४०० मेल. स्टोअरच्या मेलबॉक्सचा पासवर्ड कारखान्याचं नाव आणि पुढे १२३ होता, आणि तो मीच ठेवला होता, नंतर बदलू म्हणून. कुणीतरी तो रात्री ओळखला आणि आमच्या सर्व्हरवरून परदेशी लॉटरीचे मेल सोडले. फेल टू बॅन बसवलेलं होतं, पण ते चुकीचे पासवर्ड मारणाऱ्याला अडवतं, बरोबर पासवर्ड देणाऱ्याला नाही. पासवर्ड बदलला, रांगेतले त्या पत्त्याचे मेल पुसले, तरी दुपारपर्यंत आयपी दोन काळ्या यादींत गेला. महिनाभर फोन करून मिळवलेली पत एका रात्रीत. एका यादीतून नाव आपोआप निघालं, दुसरीकडे अर्ज करावा लागला. चार दिवस डिस्पॅचची कागदपत्रं व्हॉट्सअ‍ॅपवरून गेली आणि मामा माझ्याशी कामापुरतंच बोलले. त्यानंतर प्रत्येक बॉक्सला तासाला १०० मेलची मर्यादा लावली आणि सगळ्यांचे पासवर्ड बदलले. हे दोन्ही पहिल्या दिवशीच करायचं असतं.

अशा वेळी ‘कस्टमर केअर’ नसतो हा सगळ्यात मोठा तोटा. माहितीपत्रकं उत्तम आहेत, पण सकाळी पावणेसातला तुम्ही आणि लॉग (सर्व्हर स्वतः लिहून ठेवतो ती नोंद), तिसरं कुणी नाही.

तोच लॉग मात्र जुलैत उपयोगी पडला. एका गिऱ्हाइकाने सांगितलं, वाढीव दराचा मेल आम्हाला आलाच नाही, आम्ही जुन्या दरानेच पैसे देणार. तयार सेवेत मी एवढंच सांगू शकलो असतो की आम्ही पाठवलाय. पोस्टफिक्स प्रत्येक मेलला एक नंबर देतं आणि तो कुठल्या सेकंदाला कुणाच्या सर्व्हरने घेतला ते लिहून ठेवतं. ११:४२ ला त्यांच्या सर्व्हरने मेल घेतला होता आणि २५० असा सांकेतिक आकडा दिला होता, म्हणजे स्वीकारलं. ती ओळ त्यांना पाठवली. तासाभराने फोन आला, जंकमध्ये सापडला म्हणे. २५० याचा अर्थ सर्व्हरने घेतला, माणसाने वाचला असा नव्हे, हे मी मामांना दोनदा सांगितलंय. पण तेव्हापासून ते ‘मेल गेला का’ असं विचारतच नाहीत. केबिनमधून ओरडतात, “अडीचशे आलं का बे?”

ऑगस्टमध्ये डेबियन १३ आलं. मी हुरळून एका रिकाम्या मशीनवर चढवून बघितलं, आणि डव्हकॉट सुरूच होईना. त्याच्या २.४ या आवृत्तीत सेटिंग फाइलची भाषाच बदलली आहे, २.३ ची फाइल तशीच चालत नाही. कुणाची चूक म्हणावी असं नाही, पण पैसे घेणारी सेवा असती तर हे मला कळलंही नसतं. सर्व्हर अजून १२ वरच आहे. दोन सर्व्हर सतत एकसारखे ठेवायची डव्हकॉटमधली जुनी सोय २.४ मधून काढून टाकली आहे, तेव्हा त्या भरवशावर काही आखत असाल तर आधीच वेगळा विचार करा.

खर्च सांगतो. व्हीपीएस जीएसटीसह वर्षाला १६,२८४, बॅकअपची जागा ३,६००, मिळून १९,८८४. मामांना सांगितलं, ३२ हजार वाचले. पहिल्या तीन महिन्यांत माझे १३० तास गेल्याचं वहीत आहे, तेही सांगितलं. ते म्हणाले, “मग त्याचे कुठं वाचले?” तुमच्याकडे पाच बॉक्स असतील आणि मेल हाच धंद्याचा कणा असेल तर मी तयार सेवा घ्या म्हणेन. वीस-पंचवीसच्या वर असतील, मोठे बॉक्स लागत असतील आणि एक माणूस मनापासून लागणारा असेल, तर हे जमतं. तो माणूस रजेवर गेला की काय, याचं उत्तर आधी शोधा. आमच्याकडे मी एका वहीत सगळं लिहून ठेवलंय, आणि लॉग बघायला अक्का शिकताहेत. पट्टी लावूनच बघतात.

यंदा लक्ष्मीपूजनाला वह्यांबरोबर मामांनी ती वहीही पाटावर ठेवायला लावली. डीएनएसच्या पानावर कुंकू सांडलंय.

बॅकअप रोज रात्री होतो, पण तो उघडून बघितला नाही तर त्याला अर्थ नाही, आणि तारीख मी नेहमी विसरायचो. आता अमावास्या धरली आहे. कारखान्यात नारळ फुटतो, त्यामुळे विसरायची सोय नाही. नारळ झाला की मी एखादा जुना मेल बॅकअपमधून बाहेर काढून दाखवतो. मागच्या वेळी अक्कांच्या बॉक्समधला जुलैचा एक मेल काढला, १७ मिनिटं लागली. अक्कांनी वाकून वाचला आणि म्हणाल्या, “हा तर मी मुद्दाम पुसलेला की ओ दादा. कशाला आणला परत?”